शर्यतीच्या मोटारीचा तळ

नाशिकहून पेठला जातांना सावळघाटाचें वळण आलें कीं मोटार हांकणारा वेग कमी करतो. न केल्यास मोटार वळणाबाहेर फेंकली जाईल, हें त्यास पुस्तकांत वाचावें लागत नाहीं. मोटारीस रस्त्यावर धरून ठेवते ती चाकांच्या रबराची पकड. आणि चाक रस्त्यावर जितक्या जोरानें दाबलें जाईल तितकी ही पकड वाढते. मग मोटारच जड करावी, असें सहज मनांत येईल. परंतु वजन वाढलें कीं तिला वळविण्यासही अधिक बळ लागतें, आणि लाभ कांहींच उरत नाहीं. वजन न वाढवितां चाकांवरील भार कसा वाढवावा, हाच शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्यांपुढचा प्रश्न होय. त्याचें उत्तर त्यांना गाडीच्या पोटाखालीं सांपडलें.

पावसाळ्यांत पेठकडचा ओढा रुंद पात्रांतून संथ वाहतो. तोच दोन खडकांच्या फटींत शिरला कीं धांवूं लागतो, कारण मागून येणारें सारें पाणी तेवढ्याच वाटेनें पुढें जावयाचें असतें. हवेचेंही तसेंच आहे. प्रवाहाचा वेग वाढतो तेथें त्याचा दाब उतरतो, हा नियम दानिएल बर्नूली या शास्त्रज्ञानें १७३८ सालीं ग्रंथरूपानें मांडला. अशा गाडीचा तळ पुढें थोडा उंच, मध्यें जमिनीस अगदीं लगत आणि मागें पुन्हां चढत गेलेला असतो. मधल्या चिंचोळ्या बोगद्यांत हवा धांवते व तिचा दाब घटतो. वरच्या हवेचा दाब मात्र अधिक राहतो, आणि या तफावतीनें गाडी खालीं दाबली जाते. मागचा चढही महत्त्वाचा आहे. तेथें हवा पसरते, मंदावते, तिचा दाब पूर्ववत् होतो. त्यामुळेंच मधून अधिक हवा ओढली जाते. वेग दुप्पट झाला कीं हा भार चौपट होतो. म्हणून सुमारें ८०० किलो वजनाची फॉर्म्युला वनची गाडी भर वेगांत स्वतःच्या वजनाहून अधिक भार हवेकडून उसना घेते. त्यांत तळाचा वांटा फार मोठा असतो.

कॉलिन चॅपमन यांच्या लोटस संस्थेनें १९७७ सालीं ही युक्ति शर्यतींत आणली. बाजूंनीं हवा आंत शिरूं नये म्हणून कडांना जमिनीस टेकणाऱ्या पट्ट्या लावल्या. पुढल्याच वर्षीं लोटसचा मारियो अँड्रेटी जगज्जेता झाला. परंतु उसनें बळ एकाएकीं परतही जातें. पट्टी अडकली वा गाडी उसळली कीं बाहेरची हवा आंत घुसे आणि पकड नाहींशी होई. चालक तर ऐन वळणांत तिच्याच भरंवशावर भरधांव असे. म्हणून १९८३ पासून तळ सपाट ठेवण्याची सक्ति झाली.

इतर वर्गांत मात्र बोगदे टिकले. मुंबईच्या जेहान दारुवाला यानें डिसेंबर २०२० मध्यें बहरीनमधील साखीर येथें फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, त्या गाडीच्या तळाशींही ते होते.

फॉर्म्युला वनमध्यें ते २०२२ सालीं परतले. पंखांवर विसंबलेल्या गाडीमागें हवा खवळते व पाठोपाठ येणाऱ्यास पकड मिळत नाहीं. ती अडचण त्यामुळें कमी व्हावी असा हेतु होता. पण गाडी जमिनीकडे ओढली जाऊन फट फार अरुंद झाली कीं हवेचा ओघच कोंडे, ओढ सुटे आणि गाडी वर उठे. ओघ सुरू होतांच ती पुन्हां खालीं खेंचली जाई. एका सेकंदांत असे कित्येक हिसके बसत. जून २०२२ मध्यें बाकू येथें लुई हॅमिल्टन पाठ धरून गाडींतून उतरला. पुढें नियामक मंडळानें हिसक्यांची मोजणी सुरू केली व २०२३ साठीं तळाच्या कडा १५ मिलिमीटरांनीं उचलविल्या.

२०२६ च्या नियमांनीं तळ पुन्हां पुष्कळसा सपाट केला आहे. तरी गाडी जमिनीस जितकी लगट करील तितकी पकड अधिक, हा मोह कायम आहे. त्यास आळा म्हणून १९९४ पासून तळाखालीं १० मिलिमीटर जाडीची फळी असते. झिजून ती ९ मिलिमीटरांहून कमी भरली तर गाडी बाद. नोव्हेंबर २०२५ मध्यें लास व्हेगास येथें दुसरा आलेला लँडो नॉरिस असाच बाद झाला. प्रेक्षकांचें लक्ष गाडीच्या पंखांकडे असतें. परीक्षक मात्र शर्यत संपल्यावर तिच्या पोटाखालची फळी मोजतात.