गेम नेमका कुठे अडतो?

१९९७ साली आलेला ‘एज ऑफ एम्पायर्स’ हा गेम तेव्हाच्या पेंटियम संगणकावर, जेमतेम १६ एमबी मेमरीत सुरळीत चालायचा. त्याहून कितीतरी पटींनी ताकदवान अशा, विंडोज ७ असलेल्या संगणकावर तो सुरू केला, की अनेकांच्या पडद्यावर गवत आणि पाणी भलत्याच रंगांत दिसायचं. कार्ड नवं, मेमरी भरपूर, तरी चित्र बिघडलेलं. कारण वेगळंच होतं. त्या काळातले गेम २५६ रंगांचा एक ठरावीक तक्ता वापरत आणि तो तक्ता आपल्या एकट्याच्या ताब्यात आहे असं धरून चालत. विंडोजचा एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा प्रोग्राम, मागे चालू असताना त्याच तक्त्यातले रंग बदलायचा. ज्यांनी टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून मग गेम सुरू केला, त्यांचे रंग जागेवर आले. एक पैसाही खर्च न होता.

आपल्याकडे गेम चालला नाही की पहिला सल्ला मिळतो तो ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा. हा सल्ला बऱ्याच वेळा चुकीचा असतो आणि महागही पडतो. गेम अजिबात सुरूच होत नाही, काळा पडदा दाखवून बंद पडतो, एखादी फाईल सापडत नाही म्हणतो, रंग किंवा आकार विचित्र दाखवतो, तेव्हा अडचण सहसा यंत्राच्या ताकदीची नसते. ती गेम आणि कार्ड यांच्यामध्ये असलेल्या सॉफ्टवेअरच्या थरांची असते. कोणता थर तुटला आहे हे शोधायचं सोडून थेट यंत्र बदलणं म्हणजे उत्तर चुकीच्या जागी शोधणं, असं माझं ठाम मत आहे.

हे थर आले कुठून, ते पाहायला हवं. गेम कार्डाशी थेट बोलत नाही. तो ठरलेल्या आज्ञांचा एक संच वापरतो, त्याला एपीआय म्हणतात. त्या आज्ञा कार्डाला समजतील अशा रूपात पोचवण्याचं काम ड्रायव्हर करतो आणि तो ड्रायव्हर कार्ड बनवणारी कंपनी लिहिते. नव्वदच्या दशकात या आज्ञांचे अनेक संच एकमेकांशी स्पर्धा करत होते. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९२ मध्ये ओपनजीएल आणलं, मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये डायरेक्टएक्स. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू कार्ड आलं आणि त्याच्याबरोबर फक्त त्याच कार्डांसाठीचा ग्लाईड हा संच. वूडूवरचं चित्र इतकं सुरेख होतं, की अनेक गेम ग्लाईडसाठीच सजवले गेले. पण २००० च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याचं जाहीर केलं. वूडू कार्डं बाजारातून गेली आणि ग्लाईडवर विसंबलेले गेम पोरके झाले. ते आज पुन्हा चालतात, कारण ग्लाईडच्या आज्ञा डायरेक्टएक्सच्या आज्ञांमध्ये बदलून देणारे डीजीवूडूसारखे प्रोग्राम काही जाणकारांनी चिकाटीने लिहिले.

आता रोजच्या अडचणींकडे वळू. सर्वांत जास्त लोकांना छळणारा संदेश म्हणजे ‘डीथ्रीडीएक्स९_४३ डॉट डीएलएल’ ही फाईल सापडत नाही, असं सांगणारा. वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याकडे तर डायरेक्टएक्स १२ आहे, मग ९ ची फाईल कशाला हवी? खरी गोष्ट अशी, की डायरेक्टएक्स ९ च्या काळात मायक्रोसॉफ्ट काही मदतनीस फाईली वेगळ्या देत असे, त्यांची नवी आवृत्ती काही महिन्यांनी येई आणि प्रत्येक गेम आपल्याला हवी ती आवृत्ती स्वतःबरोबर आणत असे. डायरेक्टएक्स ९ चा गाभा विंडोज १० आणि ११ मध्ये आजही आहे, या मदतनीस फाईली मात्र त्यात आपोआप येत नाहीत. मित्राच्या संगणकावरून नुसतं फोल्डर उचलून आणलं, किंवा इन्स्टॉल करताना तो टप्पा वगळला, की गेम अडतो. मग घाईघाईने शोध घेऊन कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून ती एकच फाईल उतरवली जाते. हे मात्र कधीच करू नये. अशा फाईलीत काय दडलेलं असेल याची खात्री नसते. ३२ बिटची फाईल ६४ बिटच्या जागी टाकली, तर तीही चालत नाही. जून २०१० चा डायरेक्टएक्सचा संच मायक्रोसॉफ्टने स्वतः मोफत दिलेला आहे. त्यात या सगळ्या जुन्या फाईली एकत्र मिळतात आणि त्याने संगणकावरच्या डायरेक्टएक्स १२ ला कसलाही धक्का लागत नाही, कारण दोन्ही शेजारी शेजारी नांदतात.

लॅपटॉपवाल्यांची अडचण निराळी. गेमिंगच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं, कमी वीज खाणारं आणि दुसरं स्वतंत्र, ताकदवान. बॅटरी वाचावी म्हणून जुना किंवा अनोळखी गेम पुष्कळदा पहिल्याकडेच सोपवला जातो आणि मालकाला वाटतं, आपलं महागडं कार्ड कुचकामी निघालं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स या भागात जाऊन त्या गेमसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडलं, की प्रश्न सुटतो. डेस्कटॉपवर याचंच भावंड म्हणजे मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या खाचेत लावलेली असणं. आणखी एक फसवी जागा आहे. विंडोजमधला ‘डीएक्सडायग’ हा तपासणीचा प्रोग्राम चालवला की पहिल्याच पानावर डायरेक्टएक्स १२ लिहिलेलं दिसतं, पण ती विंडोजकडची आवृत्ती. कार्डाला प्रत्यक्षात काय जमतं, ते डिस्प्लेच्या पानावर ‘फीचर लेव्हल’ या ओळीत असतं. गेमची मागणी त्या ओळीशी ताडून पाहायची.

यावर कुणी म्हणेल, की कधीकधी कार्ड खरोखरच अपुरं पडतं. बरोबर आहे, आणि ते नाकारून कुणाचं भलं होणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ला रे ट्रेसिंग करू शकणारं कार्डच लागतं, ज्यात ती सोयच नाही, अशा जुन्या कार्डावर कितीही सेटिंग बदलली तरी उपयोग नाही. फरक लक्षणांवरून ओळखता येतो. गेम नीट सुरू होतो पण अडखळत चालतो, रिझोल्युशन कमी केलं की सुधारतो, तेव्हा ताकद कमी पडते आहे असं मानायला हरकत नाही. सुरूच होत नसेल, किंवा सेटिंग खाली आणूनही तसाच बिघडत असेल, तर आधी थर तपासावेत.

आणि नवं कार्ड घेतल्याने जुना गेम सुधारेलच याची हमी तरी कुठे आहे? इंटेलने २०२२ मध्ये आर्क मालिकेची कार्डं आणली, तेव्हा त्यांत डायरेक्टएक्स ९ साठी स्वतःचा थेट ड्रायव्हर ठेवलाच नाही. त्या आज्ञा डायरेक्टएक्स १२ मध्ये बदलणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या थरावर इंटेल विसंबली. परिणामी नव्या गेममध्ये चांगलं चालणारं कार्ड ‘काउंटर स्ट्राईक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’सारख्या २०१२ च्या गेममध्ये मागे पडलं. काही महिन्यांत ड्रायव्हर बदलले आणि तेच कार्ड, एकही चिप न बदलता, त्याच जुन्या गेममध्ये लक्षणीय वेगवान झालं. ताकद आणि थर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. एनव्हिडियाची गोष्ट याच्या उलट दिशेने गेली. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेने कुडा या एनव्हिडियाच्या स्वतःच्या आज्ञासंचाची ३२ बिट सोय काढून टाकली, आणि धूर, कापड, काचेचे तुकडे यांची हालचाल कुडावर चालणाऱ्या ज्या फिजएक्स या थरावर अवलंबून होती ते ‘बॉर्डरलँड्स २’ आणि ‘मिरर्स एज’सारखे जुने गेम ते परिणाम चालू ठेवले की नव्याकोऱ्या कार्डावर रखडू लागले. खेळणाऱ्यांनी आवाज उठवल्यावर वर्षअखेरीस निवडक गेमसाठी ती सोय ड्रायव्हरमधून परत देण्यात आली.

आज्ञांचं असं भाषांतर करत बसलं तर गेम मंदावणारच, ही दुसरी शंका. दुभाष्यामुळे संभाषण लांबतं हे खरं, पण किती लांबतं हे दुभाष्याच्या तयारीवर ठरतं. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाईन या प्रकल्पाची सुरुवात १९९३ मध्ये झाली आणि त्याची १.० आवृत्ती निघायला २००८ उजाडलं. कित्येक वर्षं तिथे गेम चालणं म्हणजे नशिबाचा भाग होता. मग फिलिप रेबोले या प्रोग्रामरने ‘निअर: ऑटोमाटा’ लिनक्सवर चालावा म्हणून डायरेक्टएक्स ११ च्या आज्ञा व्हल्कन या नव्या संचात बदलणारा डीएक्सव्हीके लिहायला घेतला. व्हल्कन २०१६ मध्ये आलेलं आणि कार्डाच्या अगदी जवळ जाऊन काम करणारं असल्यामुळे भाषांतराचा भार पुष्कळ हलका झाला. व्हॉल्व कंपनीने त्याला पाठबळ दिलं, २०१८ मध्ये वाईन आणि डीएक्सव्हीके एकत्र करणारं प्रोटॉन बाहेर आलं आणि २०२२ पासून स्टीम डेक या हातातल्या यंत्रावर विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम लिनक्समधून चालू लागले. आता तर विंडोजवरच अडणाऱ्या काही जुन्या गेमसाठीही डीएक्सव्हीके वापरतात. अडचणी उरल्या आहेतच. ‘व्हॅलोरंट’सारखे गेम फसवणूक रोखण्यासाठी विंडोजच्या गाभ्यात जी राखण बसवतात, तिचं भाषांतर करता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. जुन्या सोयी कायम ठेवल्या तर सुरक्षिततेला छिद्रं पडतात. सेफडिस्क हे त्याचं उदाहरण. सीडीची नक्कल रोखण्यासाठी तो अनेक गेममध्ये होता आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या आतल्या भागात चालायचा. तो धोकादायक असल्यामुळे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मधून तो वगळला आणि आधीच्या विंडोजमध्येही एका अपडेटने बंद केला. दुकानातून पैसे मोजून घेतलेल्या सीडी एका झटक्यात निरुपयोगी झाल्या. मायक्रोसॉफ्टचा निर्णय योग्यच होता. चूक होती ती मूळ गेममध्ये असं कुलूप बसवून नंतर त्याची किल्ली न देणाऱ्यांची. सुरक्षिततेसाठी जुना कोड विंडोजच्या गाभ्यातून जरूर काढावा, पण गाभ्याबाहेर वेगळ्या थरात त्याची सोय राहू द्यावी. पोलंडमधलं गॉग हे दुकान २००८ पासून जुने गेम अशी कुलपं काढून, डॉसबॉक्ससारखे थर सोबत देऊन विकत आलं आहे.

हे न झाल्यास काय होतं, त्याचा हिशेब अमेरिकेत मांडला गेला आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. तरीही ग्रंथालयांनी असे गेम अभ्यासकांना दुरून वापरू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराईट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली. भारतातल्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात, कलम ५२ मध्ये, कायदेशीररीत्या प्रोग्राम बाळगणाऱ्याला तो दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती, ती सहज मिळत नसेल तर, मिळवण्याची मुभा आहे. हे कलम गेम खेळणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल. पण मुभा असली तरी बंद प्रोग्राम उलगडत बसायला वर्षं लागतात. आयडी सॉफ्टवेअरने १९९६ च्या ‘क्वेक’चा मूळ कोड १९९९ मध्येच खुला केला, त्यामुळे ग्राफिक्सचा कोणताही नवा संच आला की कुणीतरी तो त्यावर बसवतं आणि ‘क्वेक’ आजच्या जवळपास कुठल्याही संगणकावर चालतो. विक्री थांबवलेल्या गेमचा निदान ग्राफिक्सचा भाग तरी कंपन्यांनी असाच खुला करावा, ही मागणी आता खेळणाऱ्यांनी लावून धरायला हवी. त्यात कंपन्यांचं नुकसान काय, याचं पटणारं उत्तर मला अजून वाचायला मिळालेलं नाही.