बाईक झुकली, पण फोनला का नाही कळलं?
पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाटात मी टँक बॅगवर फोन बांधून लेव्हल ॲपचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं. वर जाऊन पाहिलं, तर वळणावळणाला बाईक मस्त झुकलेली आणि ॲपवर जवळपास शून्य! बिघाड नव्हता. वळणात गुरुत्वाकर्षण आणि बाहेर ढकलणारा जोर यांची बेरीज बाईकच्या उभ्या रेषेतच येते, ॲक्सेलरोमीटरला तेच ‘खाली’ वाटतं. झुकाव मोजायला जायरोस्कोपही लागतो.

२० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किमीला साधारण २७ अंश झुकावं लागतं, ५० ला जवळजवळ ४५. ओल्या रस्त्यावर (आपल्याकडे पावसाळा म्हणजे काय ते सांगायला नको) टायर एवढं धरत नाही. वेग वळणाआधीच कमी करा, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा. झुकलेल्या बाईकचा पुढचा ब्रेक अचानक दाबू नका. साध्या एबीएसलाही बाईक किती झुकलीय ते कळत नाही.