एका बातमीनं सुटलेल्या गोळ्या

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड अभ्यासाचा एक भाग मुदतीआधीच थांबवला गेला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनांचा कर्करोग वाढलेला दिसला होता. बातमी पसरली आणि रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या लाखो जणींनी गोळ्या सोडल्या.

वाढ किती? दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ८ जास्तीचे रुग्ण. पक्षाघातही तेवढाच वाढला. खुब्याचं हाड मोडण्याचे प्रसंग मात्र ५ नं घटले. कर्करोगाची तीच वाढ मथळ्यांत गाजली ती ‘२६ टक्के’ म्हणून. भीती विकायला टक्केवारी सोयीची!

शिवाय सहभागी स्त्रियांचं सरासरी वय होतं ६३. अंगातून वाफा येतात, रात्री घामानं झोप मोडते म्हणून औषध मागणारी बाई बहुधा पन्नाशीच्या आसपासची असते. साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यावर दहा वर्षांत उपचार सुरू केले, तर बहुतेक निरोगी स्त्रियांसाठी फायद्याचं पारडं जड ठरतं, असं पुढच्या विश्लेषणांतून दिसलं.

गर्भाशय काढलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. अभ्यासातल्या त्या गटात स्तनांचा कर्करोग वाढला नव्हता. गर्भाशय असेल तर त्याच्या अस्तराच्या कर्करोगापासून बचावासाठी दुसऱ्या हार्मोनची जोड लागतेच. त्वचेवर लावायच्या पट्टीत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो. स्तनांचा कर्करोग किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना मात्र डॉक्टर हे उपचार सहसा देत नाहीत.