खडबडीत अक्षर कोणासाठी?

अक्षर खडबडीत होते, त्याला कारण असते. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा, त्याची झीज काळाने केली. जुन्या छापखान्यात शिशाचे खिळे वापरून बोथट होत. नवे घेण्याची ऐपत नसली की त्यांवरच पत्रक निघे. गिलावा नसलेल्या भिंतीवर ब्रशने लिहिलेली घोषणाही ओबडधोबडच उमटते.

आज संगणकावर असे झिजलेले फॉन्ट मुद्दाम घडवले जातात. चित्रपटाचे नाव, मुखपृष्ठ, मोर्चाचे भित्तिपत्रक यांना ते शोभतात. पण दोन-चार शब्दच, आणि तेही मोठे. लहान आकारात ओरखडे बुजतात, अक्षर नुसते मळकट दिसते. एकच 'र' तीनदा आला आणि तिन्हींवर तोच ओरखडा असला, की झीज खोटी ठरते. म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये एका अक्षराची दोन-तीन रूपे ठेवतात.

देवनागरीत आणखी एक धोका आहे. आपला अनुस्वार म्हणजे एक ठिपका. तो उडाला की 'बंड'चे 'बड' होते. शिरोरेघेवर डाग पडला की 'जग'चे 'जंग'.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्यांची पत्रके साधनांअभावी खडबडीत निघाली; ती त्यांची हौस नव्हती. आज मथळा खुशाल खडबडीत ठेवावा. मात्र सभेची तारीख, जागा आणि मागणी स्वच्छ ठशातच छापावी. कालपरवा वाचायला शिकलेल्या माणसालाही ती न अडखळता वाचता आली पाहिजे.