मंडल्याची बस आणि बेचाळीस किलोमीटर

पहाटे 4.30

डिसेंबरात जबलपूरला हाडं गोठवणारी थंडी असते. उठल्याबरोबर आधी पोटऱ्या चाचपते, मग चहा टाकते. वॉर्डातली माझी मैत्रीण स्कूटर घेऊन खाली येऊन थांबते. ती पळत नाही, हेडलाइट लावून माझ्या मागून सावकाश येते. अंधारात मी एकटीनं पळावं हे घरच्यांना पटत नाही, मलाही नाही.

ग्वारीघाटाच्या रस्त्यावर या वेळी दूधवाले असतात, स्नानाला निघालेल्या बायका असतात आणि हिवाळ्यात नर्मदेचे परिक्रमावासी. त्यांत मराठी माणसं पुष्कळ. आज साताऱ्याकडच्या एका आजींनी हटकलं.

“कुठं निघालीस गं पळत?”

“सराव करतेय, आजी. मुंबईला मॅरेथॉन आहे. बेचाळीस किलोमीटर.”

“एका दिवसात? मग पाय जप हो बाई. नर्मदे हर!”

नर्मदा 1312 किलोमीटर लांब. तिच्या दोन्ही काठांनी चालायचं म्हणजे अडीच हजारांच्या वर. ते चालायला निघालेली बाई मला पाय जपायला सांगते, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आज दहाच किलोमीटर, तेही संथ. लांब पल्ला सुट्टीच्या दिवशी. मुंबई मॅरेथॉन 2004 पासून होते, सहसा जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरू होऊन सागरी सेतूवरून जाते आणि परतताना, पाय पार थकलेले असताना, पेडर रोडचा चढ समोर येतो. त्या चढासाठी मी इथल्या मदनमहालच्या टेकडीवर सराव करते. माझी ही पहिलीच पूर्ण मॅरेथॉन.

सकाळी 8.00

रात्रपाळीची सिस्टर चार्ज देते. मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. कोणाला रात्री ताप चढला, कोणाची सलाईन बंद केली, कोणाचं रक्त मागवलंय. थंडी वाढली की सिकलसेलची मुलं जास्त येतात. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. निरोगी पेशी साधारण 120 दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस दिवस. म्हणून रक्त सतत कमी. गारठा, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, एवढंही कळ उठायला पुरतं. ती कळ हाडांतून येते. मोठी माणसं त्या दुखण्यानं ओरडतात. मुलं कितीदा गप्प होतात, आणि गप्प झालेल्या मुलाकडे मी आधी जाते.

मंडला, दिंडोरी भागातल्या गोंड वस्त्यांत हा आजार बऱ्याच घरांत आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक. जबलपुरात आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था 1984 पासून आहे. देशाची सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातच, शहडोलला सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत आजार हटवायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासणी होतेय ते चांगलंच आहे. माझी काळजी तपासणीनंतरच्या वर्षांची आहे.

10.15

रक्तपेढीतून पिशवी आली. नऊ वर्षांची मुलगी, मंडल्याच्या पुढच्या गावातली. पिशवीवरचा क्रमांक, गट, मुदत आणि मुलीचं नाव आम्ही दोघी सिस्टर मोठ्यानं वाचून ताडून पाहतो. कितीही घाई असो, हे एकटीनं करायचं नाही. आधी ताप, नाडी, रक्तदाब. मग थेंब अगदी हळू. पहिली पंधरा मिनिटं मी खाटेपासून हलत नाही, कारण चुकीच्या रक्ताची रिअॅक्शन बहुधा याच वेळात दिसते: थंडी वाजते, कंबर दुखते, श्वास लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा सगळं मोजायचं. चार तासांच्या आत पिशवी संपायला हवी.

या पंधरा मिनिटांत गप्पा होतात. माझ्या बुटांवरची लाल माती तिनं हेरली होती.

“दीदी, दौड़ने से दर्द नहीं होता?”

“होता है. फिर रुक जाती हूँ, तो चला जाता है.”

तिनं मान हलवली. तिचं दुखणं थांबल्यानं जात नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी ब्लँकेट तिच्या पावलांखाली नीट खोचलं आणि पाण्याचा पेला हातात दिला.

12.30

तिचे वडील दाराशी उभे. मागच्या वेळी ठरल्या तारखेला का आला नाहीत, असं मी विचारलं. रागावून नाही, रागावलं की माणसं पुढच्या वेळी खोटं कारण सांगतात. ते म्हणाले, भाड्याचे पैसे नव्हते. इथे खाट फुकट, रक्त फुकट, गोळ्या फुकट. पण गावाहून मंडला, मंडल्याहून इथे जवळजवळ शंभर किलोमीटर बस, दोघांचं भाडं, दोघांचं जेवण, आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात आणि त्यांच्यावर असताना ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं. तारीख चुकली की गोळ्या संपतात, गोळ्या संपल्या की कळ येते. केसपेपरवर “फॉलोअपला आला नाही” एवढंच लिहिलं जातं. बसभाडं तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.

मी पळते ती या बसभाड्यासाठी.

दुपारी 2.15

ड्युटी संपली. चार्ज दिला, मग वही काढली. दर किलोमीटरमागे जमेल तेवढे द्या, असं मी सगळ्यांना सांगितलंय. पैसे माझ्या हातात येत नाहीत, थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जातात, तिथून मुलांचं भाडं आणि जेवण. वॉर्डबॉयनं किलोमीटरला दहा रुपये लिहिले आणि स्वतःच हिशोब केला: 42.195 किलोमीटर, म्हणजे 421 रुपये 95 पैसे. त्यानं 422 भरले. एवढ्या पगारात! दत्तमंदिरातल्या मराठी बायकांनी तर यादीच करून आणली.

एकीनं बारामतीच्या लताबाई करेंची आठवण काढली. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारीत शर्यत पळली आणि जिंकली. 2020 मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला. मला लंडनची नर्स जेसिका अँडरसनही आठवते. 2019 ची लंडन मॅरेथॉन ती नर्सच्या कामाच्या कपड्यांत 3 तास 8 मिनिटांत पळली. गिनीजनं आधी विक्रम नाकारला, कारण तिनं फ्रॉक नाही, पँट घातली होती. जगभरच्या नर्सेसनी आवाज उठवल्यावर तो मान्य झाला. मला पाच तासांत पोचता आलं तरी पुष्कळ. पण लताबाईंच्या पळण्याबद्दल बोलताना सगळे कौतुक करतात, आणि बाईला नवऱ्याच्या उपचारासाठी पळावं का लागलं हे कोणी विचारत नाही, याचा मला त्रास होतो. माझ्या वहीबद्दलही तो प्रश्न विचारला जायला हवा.

संध्याकाळी 6.30

झोप झाली, भाकरी-पिठलं झालं. आता फोन. पुढच्या आठवड्यातल्या तारखा ज्यांच्या आहेत, त्या घरांना एकेक करून. दिंडोरीकडे रेंज जाते-येते, म्हणून नंबर दोनदा-तीनदा लावावा लागतो. पलीकडून आवाज आला की आधी भाड्याचं सांगते, मग तारीख. मंगळवारी या, पहिल्या बसनं निघा, बारापर्यंत पोचा, म्हणजे रक्ताचं क्रॉसमॅच दुपारीच होईल आणि पिशवी संध्याकाळी लागेल. जुना केसपेपर आणा. आणि मुलाला स्वेटर घाला, बसच्या खिडकीशी बसवू नका.