दूध तोडण्यापूर्वी

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांसाठी निधी गोळा करावा म्हणून मी मुंबई मॅरेथॉनची तयारी करतो आहे. २००४ पासून तिथे असे निधी जमवतात. पहाटे उचगावातून हुपरी रस्त्याला निघतो. आधी एक केळे, तासाहून जास्त पळायचे तर खिशात खजूर, परतल्यावर दूध आणि उसळ-भाकरी.

मध्यंतरी एका आईने विचारले, "डॉक्टर, आहारानं तुम्ही एवढं पळता, मग पोराचं दूध-गहू तोडलं तर त्यो बोलंल का?"

स्वमग्नता हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. पथ्याने ती जाते असा भक्कम पुरावा नाही. तिचा मुलगा भात, दूध आणि एकाच प्रकारचे बिस्कीट एवढेच खातो. वास, रंग, स्पर्श अशा मुलांना खरोखरच सोसत नाही. तो हट्ट नव्हे. त्यातून दूध काढले तर प्रथिने, कॅल्शियम आणायचे कुठून? (ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी.) कोल्हापूरकरांना तरी हे सांगावे लागू नये!

भाताशेजारी चमचाभर नाचणीची आंबील ठेवा. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आग्रह नको. दहा-पंधरा वेळा नाकारूनही एखादे दिवशी बोट बुडते.

त्याचे वजन मी दर महिन्याला नोंदवतो. दूध चालू आहे.