प्रयोगशाळेचा पहारेकरी : कॅमेरा कसा निवडावा?

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली कॉफीचे एकच भांडे होते आणि पिणारे मात्र पुष्कळ. भांडे ट्रोजन रूम नावाच्या खोलीजवळ ठेवलेले असे. कित्येकांच्या बसण्याच्या जागा त्याच इमारतीत, पण दूर. जिने ओलांडून यावे आणि रिकाम्या भांड्याचे दर्शन घेऊन परतावे, हा अनुभव नित्याचा झाला, तेव्हा क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की या दोघांनी भांड्यावर एक कॅमेरा रोखला व त्याचे चित्र प्रत्येकाच्या संगणकाच्या पडद्यावर आणून सोडले. चित्र कृष्णधवल होते, आणि अवघ्या १२८ गुणिले १२८ बिंदूंचे. ते मिनिटातून दोनतीनदा बदले. नोव्हेंबर १९९३ मध्ये हे चित्र वेबवर आले, जगभरचे लोक ते भांडे पाहू लागले, आणि २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद करण्यात आला.

आजच्या कोणत्याही दुकानदाराने असा कॅमेरा हसून बाजूला सारला असता. तरी त्याने आपले काम चोख बजावले, याचे कारण त्याला विचारलेला प्रश्न एकच व लहानसा होता : भांड्यात कॉफी आहे की नाही? काळ्या द्रवाची पातळी ओळखण्यास तेवढे बिंदू पुरेसे होते. लहान प्रयोगशाळेसाठी कॅमेरा घेऊ पाहणाऱ्यांपैकी बहुतेकजण येथेच चुकतात. कॅमेऱ्याला कोणता प्रश्न विचारावयाचा आहे हे न ठरविता ते थेट ‘किती मेगापिक्सेलचा?’ या चौकशीपासून प्रारंभ करतात.

प्रयोगशाळेत असे प्रश्न कोणते संभवतात? एखाद्या महाविद्यालयातील चार मीटर लांब व तीन मीटर रुंद अशी रसायनाची खोली डोळ्यांसमोर आणावी. फ्लास्कमधील मिश्रण रात्रभर उकळत ठेवलेले आहे, वर काचेचा कंडेन्सर आहे आणि त्यातून रबरी नळीने पाणी खेळते आहे. दिवसा नळांना मागणी असते, म्हणून पाण्याचा दाब कमी असतो. रात्री मागणी घटते, दाब चढतो आणि नळी तोटीवरून निसटते. पहाटेपर्यंत खालच्या मजल्यावरील छत गळू लागते, आणि थंडावा न मिळालेल्या फ्लास्कमधील ज्वालाग्राही वाफ खोलीत पसरू लागते ती निराळीच. अशा खोलीत रात्री जाणून घ्यावयाच्या गोष्टी या : जमिनीवर पाणी आहे काय, धूर वा ज्वाळा आहे काय, ढवळणी फिरते आहे काय, तापमापकावर आकडा कोणता आहे, आणि खोलीत कोणी आले आहे काय. यांतील प्रत्येक प्रश्नाला वेगळ्या प्रकारचे चित्र लागते. ‘सगळेच दिसले पाहिजे’ असे म्हणून एकच कॅमेरा कोपऱ्यात बसविणाऱ्यास सगळ्याचीच अंधूक छाया तेवढी दिसते.

हे अंधूकपण मोजता येते, आणि त्याला साधे त्रैराशिक पुरते. सर्वसाधारण कॅमेऱ्याच्या आतील संवेदक पट्टीची रुंदी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास असते. स्वस्त कॅमेऱ्यांत बहुधा बसविलेले भिंग २.८ मिलिमीटर नाभ्यंतराचे. वस्तू जितक्या अंतरावर, त्याला साडेपाचाने गुणून नाभ्यंतराने भागले की त्या अंतरावर किती रुंदीचा देखावा चित्रात मावेल ते कळते. तीन मीटरवर हे उत्तर सुमारे सहा मीटर येते, म्हणजे एवढी खोली एका नजरेत सहज बसते. आता चित्राच्या आडव्या ओळीत १९२० बिंदू असतील, तर ते सहा मीटरांवर वाटले जाऊन दर मीटरला ३२० बिंदू वाट्याला येतात. पाळत ठेवण्याच्या व्यवस्थांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते माणसाची नुसती चाहूल लागण्यास दर मीटरला २५ बिंदू, ओळखीचा माणूस ओळखण्यास १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटविण्यास २५० बिंदू धरते. माणसांच्या बाबतीत हा कॅमेरा उत्तीर्ण झाला.

परंतु तापमापकाच्या पडद्यावरील आकडा चौदा मिलिमीटर उंचीचा असेल, तर त्याच्या वाट्याला जेमतेम साडेचार बिंदू येतात. साडेचार बिंदूंत तीन, सहा आणि आठ हे आकडे सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. येथे विक्रेता चौपट बिंदूंचा, म्हणजे ‘फोर-के’ कॅमेरा पुढे करतो. त्याने ओळीतील बिंदू दुप्पट होतात आणि आकड्याला नऊ बिंदू मिळतात. निःसंशय वाचनाला वीस तरी हवेत, आणि ते मिळवावयाचे तर त्याच जुन्या १९२० बिंदूंच्या कॅमेऱ्याला बारा मिलिमीटरचे भिंग लावून तो सव्वा-दीड मीटर रुंदीच्या मेजावरच रोखावा, अथवा कॅमेरा उचलून यंत्राजवळ न्यावा. थोडक्यात, एक महागडा कॅमेरा घेण्यापेक्षा दोन साधे घ्यावे. एक कोपऱ्यातून खोली पाहणारा आणि दुसरा मेजाशी बसून प्रयोग पाहणारा. मोटारीवर इकडेतिकडे वळणाऱ्या कॅमेऱ्याचा मोह येथे टाळलेला बरा. तो नको त्या क्षणी नेमका दुसरीकडे पाहत असतो.

खरेदीपूर्वी बिनखर्चाची एक परीक्षा घेता येते. जेथे कॅमेरा बसवावयाचा तेथे शिडी लावून मोबाइल फोनने छायाचित्र घ्यावे आणि ते मोठे करून पाहावे. साध्या फोनचे चित्रही भिंतीवरच्या कॅमेऱ्याहून बहुधा सरस असते. तेव्हा त्यात जे वाचता येत नाही ते कॅमेऱ्यातही वाचता यावयाचे नाही. फ्यूम हूडची काच कोठे चमकते, कपाटाचे दार उघडल्यावर काय झाकले जाते, हेही त्याच वेळी उमगते. आणि नुसते तापमानच हवे असेल, तर कॅमेऱ्याला आकडे वाचावयास लावण्यापेक्षा तापमानाची नोंद ठेवणारे लहानसे उपकरण घ्यावे. जे यंत्र स्वतः सांगू शकते ते डोळ्याने पाहण्याचा खटाटोप व्यर्थ होय.

प्रकाशाचा प्रश्न याहून नाजूक आहे. रात्री दिवे मालविले की हे कॅमेरे आपले अवरक्त दिवे लावतात आणि चित्र कृष्णधवल होते. दिवसा गुलाबी दिसणारा द्राव रात्री करडा दिसतो. रंगबदल हीच ज्या प्रयोगाची खूण, तेथे असा कॅमेरा आंधळाच म्हणावयाचा. शिवाय हे किरण समोरच्या काचेवरून परत फिरून चित्राच्या मधोमध एक पांढरा गोळा उभा करतात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे दिवे अंधारात मंद लाल ठिपक्यांसारखे दिसतात, ९४० नॅनोमीटरचे माणसाला मुळीच दिसत नाहीत. परंतु माणसाला दिसत नाही म्हणून उपकरणालाही दिसत नाही असे नव्हे. सिलिकॉनचे प्रकाशसंवेदक या दोन्ही तरंगलांबींना चांगलाच प्रतिसाद देतात. म्हणून जेथे अत्यल्प प्रकाश मोजण्याचे काम चालते, तेथे पहारेकऱ्याचा कंदीलच प्रयोग बिघडवून बसतो. यावर सोपा उपाय म्हणजे अवरक्त दिवे बंद ठेवून, प्रयोगाला बाधत नसेल तर, एक मंद पांढरा दिवा रात्रभर जळू द्यावा.

विजेच्या दिव्यांचीही एक खोड आहे. भारतातील वीजप्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असल्यामुळे अनेक दिवे सेकंदास शंभर वेळा मंदतेज होतात. कॅमेरा अमेरिकेतील ६० आवर्तनांच्या मापावर लावलेला असला तर चित्रावरून काळे पट्टे सरकू लागतात. कॅमेरा सदोष समजून परत करण्याआधी हे माप ५० वर आणून पाहावे.

ढवळणीच्या बाबतीत तर डोळ्यांची शुद्ध फसवणूक होते. सेकंदास २५ चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यासमोर मिनिटाला १५०० फेरे घेणारी चुंबकीय दांडी प्रत्येक चित्रात त्याच जागी सापडते आणि स्थिर भासते. दांडीची दोन टोके सारखीच असल्याने ७५० फेऱ्यांनाही तोच भास होतो. चित्रपटातील टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणून दांडीकडे न पाहता द्रवाच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या भोवऱ्याच्या खळगीकडे पाहावे. ती दिसेल अशा उंचीवर व कोनात कॅमेरा बसविणे हे अधिक चित्रे घेणारा कॅमेरा विकत घेण्यापेक्षा शहाणपणाचे.

चित्रांची साठवण हा केवळ हिशेबाचा भाग. सेकंदाला चार मेगाबिटांचा अखंड प्रवाह दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट आणि महिन्याला सुमारे १३०० गिगाबाइट जागा खातो. संथ चालणाऱ्या प्रयोगाला मिनिटाला एक चित्र पुरत असेल, तर दिवसाची १४४० चित्रे होतात व ती वर्षभर ठेवता येतात. घड्याळ मात्र जाळ्यावरून आपोआप जुळणारे हवे, कारण नोंदवहीतील वेळ आणि चित्रावरील वेळ यांत दहा मिनिटांचे अंतर पडले तर दोन्ही नोंदींवरचा विश्वास उडतो.

तार की बिनतारी, याचे उत्तर प्रयोगशाळेपुरते तार हेच आहे. एकाच जाळ्याच्या तारेतून वीज व चित्र दोन्ही नेण्याची सोय २००३ च्या मानकापासून रूढ झाली असून ती शंभर मीटरपर्यंत चालते. कॅमेऱ्याजवळ निराळा प्लग लागत नाही. याचा खरा लाभ वीज गेल्यावर कळतो. प्रयोगात काही बिघडले की पुष्कळदा मुख्य कळ पडते, आणि जो क्षण पाहावयाचा त्याच क्षणी भिंतीच्या प्लगवरचा कॅमेरा मिटतो. तारेने वीज घेणारे कॅमेरे, त्यांना वीज पुरविणारी पेटी आणि नोंद ठेवणारे यंत्र ही तिन्ही एका बॅटरीच्या यूपीएसवर ठेवता येतात. तिघांपैकी एक जरी विसरले, तरी उरलेली दोन निरुपयोगी.

खोलीतील हवेचाही विचार व्हावा. कॅमेऱ्यावर ‘आयपी ६६’ अशी मोहर असली तर तो धूळ व पाण्याचा फवारा सोसतो. आम्लाच्या वाफांविषयी ती मोहर काहीच सांगत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा धातूचे सांधे गंजवितात, हायड्रोफ्लुओरिक आम्ल तर काचच खाते. ईथरसारख्या द्रवांच्या वाफा जेथे साचू शकतात तेथे साधे विद्युत् उपकरण ठेवूच नये. कॅमेरा बाहेर ठेवून काचेतून आत पाहावे. गोव्याच्या वा कोकणच्या पावसाळी दमटपणात भिंगावर बुरशी धरते, म्हणून दर पंधरवड्यास भिंग पुसण्याचे काम कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवावे.

घरातून प्रयोगशाळा पाहता यावी म्हणून कॅमेरा इंटरनेटला जोडला जातो, आणि तेथून चोरवाटही उघडते. २०१६ साली मिराई नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने कारखान्यातून आलेले संकेतशब्द न बदललेले असंख्य कॅमेरे व तत्सम उपकरणे ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबरच्या हल्ल्यात त्यांच्या भाराखाली अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास अप्राप्य झाली. या कॅमेऱ्यांच्या मालकांपैकी कित्येकांना आपला कॅमेरा या हल्ल्यात सामील आहे याची वार्ताही नसावी. पहिल्याच दिवशी संकेतशब्द बदलावा आणि कॅमेऱ्याला थेट बाहेरचे दार उघडून देऊ नये. भारत सरकारने एप्रिल २०२५ पासून अशा कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची चाचणी सक्तीची केली आहे. खरेदीच्या वेळी त्या प्रमाणपत्राची विचारणा अवश्य करावी. खोलीत काम करणाऱ्यांना मात्र कॅमेरा कोठे आहे, काय टिपतो व चित्रे किती दिवस राहतात हे दारावरच्या फलकाने सांगितलेले असावे. चोरून ठेवलेली नजर सहकाऱ्यांना शत्रू बनविते, आणि रोषाने वळविलेला कॅमेरा छताचेच चित्रण करीत राहतो.

आणखी एक भ्रम दूर व्हावयास हवा. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या यंत्रशाळेत रात्री एकटी काम करणारी विद्यार्थिनी लेथमध्ये केस गुंतून मृत्युमुखी पडली. इमारतीतील इतर विद्यार्थ्यांना ती आढळली तेव्हा उशीर झालेला होता. अशा प्रसंगी शेजारी उभा असलेला माणूस यंत्राची कळ बंद करू शकतो, भिंतीवरचा कॅमेरा ती करू शकत नाही. कॅमेरा आहे म्हणून एकट्याने काम करण्यास परवानगी देणे, हा त्याचा सर्वांत घातक उपयोग होय.

कॅमेऱ्याची हालचाल टिपून सूचना देण्याची शक्तीही बेताचीच समजावी. कॅमेऱ्यासमोर किडे घिरट्या घालतात, किड्यांमागे पाल येते, आणि रात्रीतून वीस वेळा फोन वाजतो. चौथ्या रात्री मालक तो आवाजच बंद करून झोपतो. पाणी सांडल्याची वर्दी देण्याचे काम जमिनीवर ठेवलेल्या पाणीसूचकाकडे आणि धुराचे काम धूरसूचकाकडे द्यावे. त्यांची घंटा वाजल्यावर आत काय झाले आहे व धावत जावे की आधी अग्निशमन दलाला कळवावे, हे ठरविण्यास कॅमेरा उपयोगी पडतो. सर्व बसवून झाल्यावर, कोणास न कळविता, एखाद्या रात्री दोन वाजता सूचकाजवळ तांब्याभर पाणी ओतून पाहावे, आणि फोन वाजल्यापासून कोणीतरी किल्ली घेऊन दाराशी येईपर्यंत किती मिनिटे गेली ते नोंदवहीत लिहून ठेवावे.